घरची उपासना आणि मनाची प्रार्थना : नव्या ख्रिस्ती कुटुंबासाठी मार्गदर्शन

नुकताच विवाह झालेले दांपत्य, प्रौढ वयात बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती, बऱ्याच वर्षांनी मंडळीकडे परतलेले आईवडील किंवा ख्रिस्ती घरात सून वा जावई म्हणून आलेला माणूस, या सर्वांपुढे थोड्याफार फरकाने एकच प्रश्न उभा राहतो. एका बाजूला रविवारची उपासना, ठरलेल्या प्रार्थना, उपवास, सण आणि संस्कार यांची मोठी परंपरा असते. दुसऱ्या बाजूला देवाशी स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या गतीने बोलण्याची ओढ असते. घर चालवताना दोन्हींना वेळ पुरत नाही. मग कोणी म्हणतो की विधी म्हणजे नुसते कर्मकांड, खरी भक्ती मनात असते; तर कोणी म्हणतो की मनातल्या भक्तीवर विसंबून राहिले तर महिन्याभरात सगळेच सुटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद घरात सहसा मिटत नाही.

या लेखात सुचवलेला मार्ग थोडक्यात असा : घरातील सामाईक विधी लहान, निश्चित आणि सर्वांना पेलेल इतकाच ठेवावा, प्रत्येकाच्या वैयक्तिक प्रार्थनेला वेळ व एकांत मिळवून द्यावा, मात्र तिच्यावर देखरेख करू नये. घराने विधी ठरवावा, भाव ठरवू नये.

हा मार्ग शुभवर्तमानांना धरूनच आहे. लूक ४:१६ मध्ये येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेल्याचा उल्लेख आहे आणि पुढच्याच अध्यायात, ५:१६ मध्ये, तो एकांतात जाऊन प्रार्थना करीत असे असे सांगितले आहे. आमोस (५:२१-२४) आणि होशेय (६:६) यांनी उत्सवांवर व यज्ञांवर कडक टीका केली हे खरे. परंतु त्या टीकेचा रोख वेदीपाशी गाणारे आणि बाहेर दुर्बळांना नाडणारे यांच्यावर होता. येशूने होशेयाचे ते वचन दोनदा उद्धृत केले, तरीही तो सण पाळत राहिला आणि वल्हांडणाचे भोजन शिष्यांबरोबर जेवला. तेव्हा विधी की आध्यात्मिकता, असा पक्ष घेण्याची गरज कुटुंबाला नाही. दोन्हींच्या जागा नीट लावण्याची गरज आहे.

पहिली पायरी : आज घरात काय चालते ते पाहावे

एक आठवडा काहीही न बदलता केवळ नोंद करावी. घरात कोणत्या प्रार्थना एकत्र होतात, त्या कोणाच्या पुढाकाराने होतात, कोण नियमितपणे टाळतो, उपासनेला जाताना घरातले वातावरण कसे असते आणि एकट्याने प्रार्थना करायला कोणाला किती वेळ मिळतो, एवढे लिहिले तरी पुरे. पती-पत्नींनी ही नोंद वेगवेगळी करावी आणि मग एकमेकांना दाखवावी. अनेकदा असे आढळते की घरातील सर्व धार्मिक जबाबदारी एकाच व्यक्तीवर, बहुधा आईवर, पडलेली असते; तीच सर्वांना हाका मारते, तीच पुस्तके काढते, आणि शेवटी स्वतः प्रार्थना करायला तिलाच वेळ उरत नाही. हा असमतोल आधी दिसला पाहिजे. उत्साहाच्या भरात थेट नवा नेम सुरू केला तर तो नव्याचे नऊ दिवस टिकतो आणि त्याचे ओझे पुन्हा त्याच व्यक्तीवर जाते.

दुसरी पायरी : बंधन कोणते आणि सवय कोणती, हे वेगळे करावे

नव्याने आलेल्या माणसाला सगळेच नियम सारख्या वजनाचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे तीन थर असतात : शास्त्राची आज्ञा, आपल्या मंडळीचा किंवा धर्मसभेचा नियम, आणि आपल्या घराण्याची सवय. पहिल्याशी तडजोड नाही, दुसऱ्याबद्दल धर्मगुरूंना वा पाळकांना विचारता येते, आणि तिसरी गोष्ट घरच्या माणसांनी बसून बदलता येते. घरातले बहुतेक ताण तिसऱ्या थरातले असतात, पण भांडण मात्र ते पहिल्या थरातले असल्यासारखे होते.

मंडळीनुसार हे नियम बरेच वेगळे असतात. कॅथॉलिक धर्मसभेत रविवारी व नेमलेल्या सणांना मिस्सेला (प्रभुभोजनासह होणाऱ्या मुख्य उपासनेला) उपस्थित राहणे हे बंधन आहे. तथापि आजारपण किंवा तान्ह्या बाळाची देखभाल अशा गंभीर कारणांसाठी त्यातून सूट आहे, हे अनेक नव्या आईवडिलांना ठाऊकच नसते आणि ते विनाकारण अपराधीपणा वाहत राहतात. त्याच धर्मसभेत राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशीच्या उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून वयाचे साठावे वर्ष लागेपर्यंत लागू होतो, आणि मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षांपासून. लहान मुलाला किंवा आजीला सक्तीने उपाशी ठेवण्याला त्यात आधार नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत वर्षाच्या बहुतेक काळात बुधवार व शुक्रवार हे उपवासाचे वार असतात आणि ही प्रथा ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती लेखनातही आढळते. बॅप्टिस्ट मंडळ्या स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देतात, क्वेकर लोक बहुधा ठरलेल्या विधीशिवाय मौनात उपासना करतात, आणि साल्व्हेशन आर्मीत बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन हे विधी केले जात नाहीत. आपण ज्या मंडळीत आहोत तिचा किमान नेम काय आहे, हे पाळकांना एकदा सरळ विचारून लिहून घ्यावे. तो बहुधा आपल्या कल्पनेपेक्षा बराच लहान निघतो.

तिसरी पायरी : एकच छोटा सामाईक नेम लावावा

सर्वांत जास्त काळजी या पायरीवर घ्यावी लागते, कारण उत्साही माणसे इथेच जास्त मांडून ठेवतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या विसाव्या प्रकरणात एकत्र केलेली प्रार्थना नेहमी आखूडच असावी आणि प्रमुखाने खूण करताच सर्वांनी एकदम उठावे असे म्हटले आहे. एकट्याची प्रार्थना मात्र देवाच्या कृपेने लांबली तर लांबू द्यावी. ज्यांनी सारे आयुष्य प्रार्थनेला वाहिले त्यांच्यासाठी हा नियम असेल, तर दिवसभर कामाने व शाळेने थकलेल्या कुटुंबाने तासभराची कौटुंबिक प्रार्थना लादून घेण्याचे कारण नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ मध्ये जी छोटी प्रश्नोत्तरी प्रसिद्ध केली, तिच्यात कुटुंबप्रमुखाने घरच्यांना सकाळ-संध्याकाळची प्रार्थना कशी शिकवावी हे दिले आहे. उठल्यावर क्रुसाची खूण करावी, विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची ठरलेली कबुली) व प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) म्हणावी, इच्छा असल्यास आणखी एक लहान प्रार्थना जोडावी आणि मग आनंदाने आपल्या कामाला लागावे. रात्री हेच करून लगेच आणि प्रसन्न मनाने झोपावे. एवढे थोडे असल्यामुळेच ते आजारपणात, प्रवासात किंवा वाईट दिवशीही निभावता येते.

प्रत्यक्षात दहा मिनिटांचा नेम कसा दिसतो ते पाहू. वेळ घड्याळाला न बांधता घरात आधीच रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधावी. रात्रीचे जेवण आटोपून ताटे उचलण्यापूर्वीची वेळ बहुतेक घरांना सोयीची पडते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, त्यात मोठ्यांचेही आले. सर्वांत धाकट्याला मेणबत्ती किंवा दिवा लावण्याचे काम द्यावे, कारण ज्याच्याकडे काम असते तो हजर राहतो. शुभवर्तमानातील पाचसहा ओव्या वाचाव्यात. सुरुवातीला मार्कचे शुभवर्तमान बरे, कारण त्यात सोळाच अध्याय आहेत आणि त्याचे कथन वेगाने पुढे सरकते. समजा वादळ शांत केल्याचा प्रसंग (मार्क ४:३५-४१) वाचला. वाचन झाल्यावर कोणीही स्पष्टीकरण देऊ नये, एक मिनिट गप्प बसावे. हे मिनिट पहिल्या काही दिवसांत फार लांब वाटते. सहा वर्षांचे मूल खुर्चीच्या पायाला टाचेने ठोके देत राहते, कोणालातरी हसू फुटते, आणि मग अचानक तेच मूल विचारते की एवढ्या वादळात येशूला झोप कशी लागली. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये. त्यानंतर ज्याला वाटेल त्याने एका वाक्यात आभार मानावेत किंवा काही मागावे. ज्याला बोलायचे नसेल त्याने फक्त ‘आमेन’ म्हणावे आणि त्याला कोणी कारण विचारू नये. शेवटी प्रभूची प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणावी, आईवडिलांनी मुलांच्या कपाळावर क्रुसाची खूण करावी, आणि थांबावे. आणखी म्हणावेसे वाटत असतानाच थांबणे हा या नेमाचाच भाग आहे.

छापील प्रार्थना चांगली की स्वतःच्या शब्दांतली, असा प्रश्न इथे हमखास येतो. ठरलेली प्रार्थना थकलेल्या, लाजाळू आणि लहान माणसांना शब्द देते. मोकळी प्रार्थना आजच्या दिवसाला जागा देते. दोन्ही ठेवाव्यात. पोपटपंचीचा धोका ठरलेल्या प्रार्थनेत जसा असतो तसाच मोकळ्या प्रार्थनेतही असतो, कारण रोज ‘स्वतःच्या शब्दांत’ बोलणारा माणूसही थोड्याच दिवसांत तीच चार वाक्ये फिरवून म्हणू लागतो. ल्यूथर यांनी १५३५ मध्ये आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेबद्दल एक छोटे लिखाण केले. त्यात प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक विनंती घेऊन तिच्यावर मन स्थिर करण्याची रीत सांगितली आहे आणि तसे करताना एखाद्या विनंतीपाशी मनात सखोल विचार येऊ लागले, तर उरलेल्या विनंत्या सोडून देऊन शांतपणे ते ऐकावे असेही सांगितले आहे. ठरलेल्या प्रार्थनेच्या एवढ्या पुरस्कर्त्यानेही गरजेला तिचा साचा मोडायला परवानगी दिली होती.

चौथी पायरी : प्रत्येकाला एकांत मिळवून द्यावा

मत्तय ६:६ मध्ये खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्याची शिकवण आहे. ज्या घरात दार लावता येईल अशी खोली नाही, किंवा ज्या आईच्या कडेवर सतत बाळ आहे, तिने काय करावे? मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांच्या आई सुझाना वेस्ली (१६६९-१७४२) यांनी एकोणीस अपत्यांना जन्म दिला, त्यांपैकी अनेक लहानपणीच दगावली. घरच्या गजबजाटात प्रार्थना करायची असली की त्या डोक्यावरून एप्रन ओढून घेत आणि मग मुलांनी त्यांना हाक मारायची नाही, अशी आठवण परंपरेने सांगितली जाते. एप्रनची गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, तिच्यातला व्यवहार घेण्यासारखा आहे : एकांताची एक खूण ठरवावी आणि ती खूण सर्वांनी मानावी. विशिष्ट खुर्ची, विशिष्ट शाल, व्हरांड्यातला कोपरा, काहीही चालेल.

पती-पत्नींसाठी सर्वांत उपयोगी सल्ला असा की त्यांनी एकमेकांना प्रार्थनेचा उपदेश करण्याऐवजी प्रार्थनेचा वेळ द्यावा. एकाने वीस मिनिटे मुले सांभाळावीत, दुसऱ्याने त्या वेळेत दार लावून बसावे; दुसऱ्या दिवशी अदलाबदल करावी. त्या वीस मिनिटांत काय केले, हे विचारू नये. प्रार्थनेची वही उघडून पाहणे तर दुसऱ्याचे पत्र फोडण्याइतकेच गैर आहे.

या वेळेत काय करावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. तरी नवख्यांना हाताशी काही रीती असलेल्या बऱ्या. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी दुसरा गिगो यांनी शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या मांडल्या : सावकाश वाचणे, त्यावर मनन करणे, त्यातून प्रार्थना करणे आणि शेवटी देवासमोर शांत राहणे. संत इग्नाशियस लोयोला (१४९१-१५५६) यांच्या परंपरेत दिवसअखेरीस आत्मपरीक्षण करतात. त्यात आधी आभार, मग प्रकाशाची मागणी, मग दिवसावर नजर, मग चुकांबद्दल क्षमायाचना आणि उद्यासाठी निश्चय असा क्रम असतो. झोपण्यापूर्वी थोडाच वेळ मिळणाऱ्यांना ही रीत विशेष जमते. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही एकच ओळ श्वासाच्या लयीत पुन्हापुन्हा म्हणतात. तिला ना पुस्तक लागते ना दिवा, आणि ती रात्री रडणाऱ्या बाळाला थोपटतानाही म्हणता येते. कामातच प्रार्थना करणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स यांनी अनेक वर्षे स्वयंपाकघरात राबत देवाच्या सान्निध्याची सवय लावून घेतली, आणि आविलाच्या संत तेरेसा यांनी आपल्या भगिनींना प्रभू स्वयंपाकघरातल्या भांड्यांतही वावरतो असे बजावले होते. तरीही कामातली प्रार्थना हे एकांत नाकारण्याचे निमित्त होऊ देऊ नये. ‘तुझे काम हीच तुझी प्रार्थना’ हे वाक्य घरातल्या एकाच व्यक्तीला वारंवार ऐकवले जात असेल, तर त्यात अध्यात्म कमी आणि सोय जास्त आहे.

पाचवी पायरी : रविवार सावरावा

कित्येक कुटुंबांत आठवड्यातले सर्वांत कडवट भांडण उपासनेला निघतानाच होते. एक बूट सापडत नाही, कोणी अजून अंघोळीत असतो, दारात उभा असलेला सारखा घड्याळाकडे बघतो, आणि अर्ध्या तासाने सगळे एका ओळीत बसून शांतीचे गीत गातात. यावरचा उपाय अर्धा शनिवारी रात्री करायचा असतो : कपडे, बूट, दानाचे पाकीट काढून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ एकदा वाचून घ्यावा. उरलेला अर्धा उपाय मत्तय ५:२३-२४ मध्ये आहे, जिथे आधी भावाशी समेट करावा आणि मग वेदीवर अर्पण आणावे असे सांगितले आहे. दारातून आत शिरण्यापूर्वी ‘मघाशी मी ओरडायला नको होते’ एवढे म्हणण्यासाठी लागणारा वेळ उशीर झाला असला तरी काढावा. मुलांनी हे पाहिले, तर विधी आणि आचरण यांचा संबंध त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही.

उपासनेनंतर ‘आज पाळक काय म्हणाले, सांग पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. मोठ्यांनी स्वतःला काय लागले ते एका वाक्यात बोलावे. काहीच लागले नसेल तर तसेही बोलावे.

सहावी पायरी : मुलांच्या बाबतीत सबुरी ठेवावी

अनुवाद ६:६-७ मध्ये देवाची वचने आधी स्वतःच्या हृदयात ठसवून मग मुलांच्या मनावर बिंबवावीत असा क्रम आहे, आणि तो क्रम महत्त्वाचा आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? लहान मुले विधी शरीराने शिकतात : दिवा, गाणे, हात जोडणे, गुडघे टेकणे. या वयात अर्थ समजावून सांगण्याचा अट्टहास करू नये. सातआठ वर्षांनंतर प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरे ठाऊक नसतील तर तसे कबूल करून पाळकांकडे मुलासोबत जावे.

एका सवयीपासून आवर्जून दूर राहावे. प्रार्थना देवाला उद्देशून असते, पण तिचा बाण घरातल्या माणसाकडे असतो, असे पुष्कळदा घडते : ‘प्रभू, या घरातल्या कोणालाही खोटे बोलण्याचा मोह होऊ देऊ नकोस.’ हे सरळ सरळ लेकी बोले सुने लागे झाले. मुलाने खोटे सांगितले असेल तर त्याच्याशी बोलावे, तेही प्रार्थनेच्या वेळी नव्हे. अशा टोमण्यांच्या प्रार्थनेत वाढलेली मुले पुढे प्रार्थनेचा शब्द निघाला की अंग चोरतात. कलस्सैकरांस ३:२१ मध्ये मुले खिन्न होऊ नयेत म्हणून बापांनी त्यांना चिडवू नये अशी सूचना आहे, ती इथे शब्दशः लागू पडते.

किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी ‘मला प्रार्थना करायची नाही’ म्हणाली, तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. रात्रीच्या दहा मिनिटांना कुटुंबाचा घटक म्हणून बसणे, इतकी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. त्या वेळी मनात काय चालावे, ओठांनी काय म्हणावे, ही अपेक्षा ठेवू नये. रविवारबद्दल वयानुसार बोलणी करावी. दृढीकरण (बाप्तिस्म्यातील विश्वास दृढ करण्याचा संस्कार) किंवा प्रौढ बाप्तिस्मा नातेवाइकांच्या आग्रहाखातर, किंवा सोबतचे सगळे घेतात म्हणून उरकून टाकू नये. मूल तयार नसेल तर तो पुढे ढकलण्याबद्दल पाळकांशी बोलता येते, आणि बहुतेक पाळक त्या प्रामाणिकपणाचे स्वागतच करतात.

सुझाना वेस्ली यांची आणखी एक पद्धत इथे सांगण्याजोगी आहे, आणि ती त्यांच्या पत्रातूनच आपल्याला कळते. त्यांनी आठवड्याचे वार मुलांमध्ये वाटून दिले होते आणि त्या संध्याकाळी त्या एकेका मुलाशी एकट्याने बोलत. गुरुवार जॉनचा होता. पुढे ऑक्सफर्डमध्ये असताना, वयाने चांगलाच मोठा झालेला जॉन वेस्ली आईला लिहिताना त्या गुरुवारच्या संध्याकाळीची आठवण काढतो. आठवड्याला वीस मिनिटे एका मुलासाठी राखून ठेवणे बहुतेक आईवडिलांना जमण्यासारखे आहे. त्यात धर्माचा विषय निघालाच पाहिजे असेही नाही.

सातवी पायरी : दोन परंपरांचे घर

पती एका मंडळीचा आणि पत्नी दुसऱ्या मंडळीची असेल, तर काही गोष्टी विवाहापूर्वी, आणि ते राहून गेले असल्यास पहिल्या अपत्यापूर्वी, स्पष्ट बोलून घ्याव्यात. कॅथॉलिक धर्मसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतील कलम ११२५ नुसार मिश्र विवाहात कॅथॉलिक व्यक्तीने, मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथॉलिक श्रद्धेत व्हावे यासाठी आपल्या परीने सर्व काही करण्याचे वचन द्यायचे असते आणि या वचनाची कल्पना दुसऱ्या पक्षाला द्यायची असते. ऑर्थोडॉक्स घरात तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच अभिषेक होतो आणि प्रभुभोजनही दिले जाते, तर बॅप्टिस्ट आजीआजोबांना बाळाचा बाप्तिस्माच पटत नाही. हे मतभेद प्रेमाने विरघळत नाहीत. त्यांच्यावर निर्णयच घ्यावे लागतात. प्रभुभोजनात एकत्र सहभागी होता येईल की नाही, हेही मंडळ्यांच्या नियमांवर अवलंबून असल्याने दोन्हीकडे विचारून घ्यावे, गृहीत धरू नये.

घरातला सामाईक नेम मात्र दोघांनाही मनापासून म्हणता येईल अशा गोष्टींचाच बनवावा : प्रभूची प्रार्थना, स्तोत्रे, शुभवर्तमानाचे वाचन. रोझरी (जपमाळेची प्रार्थना), प्रतिमांसमोरील प्रार्थना, मोठ्या आवाजातली उत्स्फूर्त प्रार्थना, या ज्याच्या त्याच्या वैयक्तिक वेळेत ठेवाव्यात आणि दुसऱ्याने त्यांची टिंगल करू नये. कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपापल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी, असे रोमकरांस १४:५ मध्ये लिहिले आहे. जोडीदार ख्रिस्ती नसेल तर सामाईक नेमात त्याला किंवा तिला श्रोता म्हणून बसण्याची मोकळीक असावी आणि न बसण्याचीही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अशा जोडप्यांना शांतीनेच राहायला सांगितले आहे.

आठवी पायरी : वर्षाचे चक्र

नाताळच्या तयारीच्या आगमनकाळाचे चार रविवार, नाताळ, पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस, पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) आणि त्यानंतर पन्नासाव्या दिवशी येणारा पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) असे वर्ष फिरते. (प्रायश्चित्तकाळाचे पाश्चात्त्य परंपरेतले दिवस मोजताना रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस आहे.) प्रत्येक काळासाठी कुटुंबाने एकच जादा गोष्ट घ्यावी आणि प्रत्येकाने एक गोष्ट गुप्तपणे आपली आपण ठरवावी. नवीन काही जोडले की जुने काही कमी करावे. केवळ दोन सणांपुरती उपासनेला जाणारी माणसे घरात असतील तर त्यांना देखल्या देवा दंडवत म्हणून हिणवण्यापेक्षा त्यांच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवावी.

नववी पायरी : कोरड्या दिवसांची तयारी

कधी ना कधी असे दिवस येतात की मनातून काहीच उमटत नाही. अशा वेळी नव्या विश्वासणाऱ्याला वाटते की आता तोंडाने प्रार्थना म्हणणे म्हणजे ढोंग. तसे नसते. ८८ वे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखानेच संपते, त्यात सांत्वनाची एकही ओळ शेवटी येत नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे व उपासनेत म्हटले जाते. मदर तेरेसा (१९१०-१९९७) यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी कित्येक दशके आंतरिक अंधार अनुभवला होता हे जगाला कळले. त्या काळातही त्यांचे मिस्सा, ठरलेल्या प्रार्थना आणि सेवा अखंड चालू होत्या. मन रिकामे असताना ठरलेले शब्द माणसाला उभे ठेवतात, आणि घरातले इतर लोक ते शब्द म्हणत असतील तर गप्प बसूनही त्यांच्यात सामील होता येते. म्हणून कोरड्या दिवशी एकांतातील वेळ आखूड करावी, सामाईक नेम चालू ठेवावा.

याच्या उलट, काही प्रसंगी विधीच कमी करायचा असतो. बाळंतपणानंतरचे महिने, गंभीर आजार, घरातला मृत्यू अशा वेळी एका ओळीची प्रार्थना पुरे. काही माणसांना प्रार्थनेतला एक शब्द चुकला तरी सगळे पुन्हा म्हणावे लागेल अशी भीती वाटते, पापनिवेदन करूनही समाधान होत नाही आणि तेच पाप पुन्हापुन्हा सांगावेसे वाटते. अशा वेळी विधी वाढवल्याने भीती वाढते. एका विश्वासू धर्मगुरूंच्या सल्ल्याबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी, त्यात विश्वासाची उणीव मानू नये. आणि घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर ‘एकत्र प्रार्थना करा, सगळे ठीक होईल’ हा सल्ला कोणीही दिला तरी तो बाजूला ठेवावा. प्रथम सुरक्षित जागी जावे, मदत मागावी. क्षमेचा विषय त्यानंतरचा आहे.

दहावी पायरी : अधूनमधून फेरतपासणी करावी

दर तीन-चार महिन्यांनी, शक्यतो नवा उपासनाकाळ सुरू होण्यापूर्वी, सर्वांनी बसून नेमाकडे पाहावे. किती दिवस चुकले याचा हिशेब मांडू नये. विचारायचे प्रश्न साधे आहेत : या नेमाची कोणाला धास्ती वाटते का? एकांताची वेळ प्रत्येकाला खरोखर मिळते का, की एकाचीच दर वेळी रद्द होते? भांडणानंतर क्षमा मागायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो का? घराबाहेरच्या गरजू माणसाची आठवण आपल्या प्रार्थनेत आणि खर्चात कुठे दिसते का? शेवटच्या प्रश्नाला लहान मुले फार नेमकी उत्तरे देतात, म्हणून त्यांना आधी बोलू द्यावे.

एखादा विधी निरर्थक झाला आहे असे सर्वांना वाटले तर तो हळूहळू विरू देऊ नये, उघडपणे थांबवावा. अशा विरत गेलेल्या गोष्टींबद्दल घरात कोणीतरी मनातल्या मनात स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देत राहते. ‘पुढच्या रविवारपासून आपण सकाळची एकत्र प्रार्थना थांबवतो आहोत, रात्रीची चालू राहील, आणि पुनरुत्थानाच्या सणानंतर पुन्हा बोलू’ असे एकदा सर्वांसमक्ष सांगावे, आणि आजीआजोबा वेगळ्या गावी राहत असतील तर त्यांनाही फोन करून आपणच सांगावे, म्हणजे त्यांना ते नातवंडांकडून कळण्याची वेळ येत नाही.